चार शुक्री आणि बारा काचा

जव्हारला जाऊन आलो असं सांगितलं की नाशकातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. तिथे खायला काय मिळतं, आणि तिथे गेलात कशाला? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं मला परत आल्यावरही धड देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

जव्हार माझं लाडकं गाव. माझा जन्म तिथला. वडील संस्थानात कारकून होते. मला जन्म दिल्यावर बाराव्या दिवशी आई गेली, आणि मग डोंगरातल्या एका पाड्यावरून शुक्री नावाची एक बाई मला पाजायला आणली. तिचं स्वतःचं मूल त्याच महिन्यात गेलं होतं. अंगावरचं दूध सुटल्यावरही ती राहिली. सात वर्षं मी तिलाच शुक्रीआई म्हणत वाढलो. मग वडिलांनी नाशकाला नोकरी धरली आणि एके सकाळी मला बैलगाडीत घातलं. त्या दिवशी मी किती ओरडलो ते वडील मरेपर्यंत लोकांना सांगत.

गेल्या वर्षी तेही गेले. त्यांची ट्रंक उपसली तेव्हा मी एकच वस्तू शोधत होतो, ती म्हणजे आईची तसबीर. नव्हतीच. त्या काळी जव्हारला फोटो काढणार कोण? दोन आया लाभल्या आणि दोघींपैकी एकीचाही चेहरा घरात नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं. आईचं आता काही होण्यासारखं नव्हतं. शुक्रीआई मात्र जिवंत असेल तर तिचा फोटो काढून आणायचा, असं मी ठरवलं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. एका निवृत्त साहेबाकडून घेतलेला जुना कॅमेरा माझ्याजवळ होता. तिपाई होती, काळं कापड होतं, आणि डोंगरात पाठीवर वाहता येतील एवढ्याच, म्हणजे बारा, काचा बरोबर घेतल्या. एका काचेवर एक फोटो. चुकला की चुकला.

शुक्रीआईबद्दल मला दोनच गोष्टी माहीत होत्या. तिचं नाव शुक्री, आणि तिच्या घरातून पाण्याचा आवाज ऐकू येतो असं ती सांगायची. एवढ्या माहितीवर मी घरातून निघालो, म्हणजे माझा स्वभाव वाचकांच्या लक्षात आला असेल.

मोखाडा, पोशेरा

त्र्यंबकपर्यंत टांगा, पुढे मिळेल तिथे बैलगाडी आणि न मिळेल तिथे पाय. चैत्राचे दिवस होते. मोखाड्याच्या अलीकडे एका वळणावर एकामागे एक अशा डोंगरांच्या सात ओळी दिसल्या, प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा फिकी. मी तिथेच तिपाई रोवली आणि पहिली काच खर्च केली. फोटो उत्तम आला असणार म्हणून पुढचे दोन मैल शीळ घालत चाललो. काच ठेवायच्या चौकटीचं सरकतं झाकण ओढायलाच विसरलो होतो, हे घरी येऊन ती काच धुतली तेव्हा कळलं.

पोशेऱ्याला पोचलो तेव्हा बायका मोहाच्या झाडांखाली वाकून फुलं वेचत होत्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, "इथे कुणी शुक्री राहते का हो?"

"कोनची शुक्री?"

"म्हणजे? शुक्री नावाची."

ते माझ्याकडे पाहत राहिले. शाळेतला मठ्ठ मुलगा उत्तराऐवजी प्रश्नच परत सांगतो तेव्हा मीही असाच पाहतो. मग त्यांनी मला शांतपणे समजावलं. "शुक्कुरवारी जल्मली ती शुक्री. बुधवारची बुधी, सोमवारची सोमी, मंगळवारची मंगळी. आमच्या पाड्यात शुक्री चार हायेत. पल्याडच्या पाड्यात किती तं मोजल्या नाय."

मी मटकन खाली बसलो. आमच्याकडे बारशाच्या आधी महिनाभर नावावरून घरात भांडणं होतात आणि शेवटी आत्या कुणालाच पसंत नसलेलं नाव कानात सांगून मोकळी होते. इथे सगळा कारभार वारावर. फार सोयीचं आहे, पण हरवलेलं माणूस शोधणाऱ्याची त्यात दाणादाण उडते.

चौघींपैकी एक शुक्री समोरच फुलं वेचत होती. तिने माझी हकिगत ऐकली आणि टोपली खाली ठेवून हसायला लागली. "मी तुला पाजला? आरं, तू पीत व्हतास तवा मीबी कोनाच्या तरी मांडीवर पीतच आसन!" ती माझ्याच वयाची होती. पण पेटीत फोटोचं यंत्र आहे हे कळल्यावर ती घरात जाऊन मण्यांच्या माळा घालून, केस चोपडून बाहेर आली आणि झाडाला टेकून उभी राहिली. आता तिला काय सांगणार? दुसरी काच गेली.

त्या घरी नागलीची भाकरी, लसूण-मिरचीचा ठेचा आणि भाजलेली मोहाची फुलं खाल्ली. फुलं मनुकांसारखी गोड लागतात, पण त्यांना थोडा उग्र वास असतो. आमच्याकडे पाहुण्याला आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग आणखी खोदून खोदून जात, आणि हे सगळं पटलं तर पाणी. इथे मला भाकरी आधी मिळाली आणि नाव जाईपर्यंत कुणी विचारलंच नाही.

जव्हार

डोंगर चढून सकाळी सकाळी जव्हारात शिरलो आणि ऊर भरून आला. उन्हाळ्यातही तिथे सकाळी अंगावर उपरणं घ्यावंसं वाटतं. हवेला तोच वास होता, ओल्या शेणाचा, लाकडाच्या धुराचा आणि पेठेतल्या सुक्या मासळीचा. डोळे मिटून मी गल्ल्या ओळखीन असं मला वाटत होतं.

डोळे उघडे ठेवूनही ओळखता आल्या नाहीत. उजवीकडची विहीर डावीकडे होती. राजवाडा आठवणीत चढाच्या टोकाला होता, तो प्रत्यक्षात उतरणीला लागला. मारुतीचं देऊळ दोनदा भेटलं. आधी वाटलं, देवळंच दोन आहेत. मग कळलं, मीच गोल फिरतोय. शाळेत मी मुलांना आराखडा काढायला शिकवतो, ही गोष्ट कृपा करून कुणी आमच्या हेडमास्तरांना सांगू नये. शेवटी कळलं ते असं, की अगदी लहान असताना मी हे गाव बहुधा शुक्रीआईच्या डाव्या कडेवरून पाहिलं होतं. कडेवरचं मूल पाठीमागे बघत जातं. सगळं उलटं बसलेलं होतं डोक्यात.

हे कळल्यावर मी चक्क उलटं चालून पाहिलं. दोन पावलांत विहीर जागेवर आली! पण पेठेत पाठमोरा चालणारा शहाणासुरता मास्तर पाहून लोक दुकानांतून बाहेर येऊ लागले, म्हणून तो प्रयोग आवरता घेतला.

दोन दिवस मी वेड्यासारखा चाललो आणि पाच काचा गावावर उधळल्या. राजवाड्याच्या पायऱ्या, मिठाची पोती उतरवणाऱ्या गाड्या, टेकडीच्या कडेवरून दिसणारी दरी, आमचं जुनं बिऱ्हाड किंवा त्याच्या शेजारचं घर (नक्की कोणतं ते ठरेना), आणि एक कुत्रं, जे मला राजवाड्याच्या कमानीसमोर हवं नव्हतं पण हललं नाही.

उतरलो होतो नारायणशेठकडे. हे वडिलांचे स्नेही. पेठेत त्यांचं मीठ, मिरची, कापड आणि बोंबील यांचं दुकान आहे. शेठना सगळं माहीत असतं आणि चुकलं तरी त्यांच्या आवाजात फरक पडत नाही.

"शुक्री ना? अहो मास्तर, त्यात काय एवढं! उद्या बाजार. डोंगरातल्या साऱ्या शुक्री उद्या माझ्या दुकानावरून जाणार."

दुसऱ्या दिवशी बाजार गच्च भरल्यावर शेठ दुकानाच्या फळीवर उभे राहिले आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "शुक्री गो!"

निदान दहा-बारा डोकी वळली. शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "निवडा."

मी प्रत्येकीला तेच विचारत गेलो. कुणी हसलं, कुणी घाबरून पळालं. शेवटी एका पांढऱ्या केसांच्या बाईने माझं सगळं ऐकून घेतलं, माझा हात धरला आणि म्हणाली, "हां. मीच पाजला तुला."

पुढचं लिहायला लाज वाटते. मी बाजारात, बोंबलांच्या ढिगाशेजारी, ढसाढसा रडलो. तीही रडली. तिला दुकानापुढे बसवून मी मोठ्या मायेने फोटो काढला, आठवी काच. मग शेठनी, केवळ खात्रीसाठी, तिला विचारलं, "बाय, मास्तरचं घर कुठं होतं तेव्हा?"

"मला काय ठावं?"

"मग पाजलं कुठं?"

"पाजला नाय," ती शांतपणे म्हणाली. "येवढ्या लांबून आला, रडाया लागला, त्याला नाय कशी म्हनू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या टोपलीतली करवंदं तिने माझ्या ओंजळीत ओतली आणि मीठ घेऊन ती आपल्या वाटेला लागली. काय समजायचं माणसाने?

जामसर

शेठनी सकाळी जाहीर केलं की खरी शुक्री जामसरला आहे, पैज लावा. मी पेटी पाठीवर आणि तिपाई खांद्यावर घेऊन निघालो. जामसरच्या शेतांत तेव्हा राब भाजणं चाललं होतं. भाताच्या रोपांसाठी जमीन जाळून तयार करतात ते. सगळीकडे निळा धूर होता. मी बांधावर दिसताच एक बाई किंचाळली, आणि बघता बघता पाड्यातली पोरं गायब झाली. दारं लागली. एक कोंबडी तेवढी उरली.

मला काही उमजेना. हाका मारल्या. शेवटी एका दाराआडून आवाज आला, "आमची टोचून झाली! सगळ्यांची झाली!"

तेव्हा कुठे प्रकाश पडला. बाहेरून येणारा, सदरा-टोपीतला, पेटीवाला माणूस म्हणजे देवी टोचणाराच. दुसरा कोण येणार तिथे? मी पेटी उघडून दाखवली, काळं कापड झटकलं, भिंगातून बघायला दिलं. तरी इथल्या शुक्रीची खात्री पटेना. ती ऐंशीच्या घरातली, ठार बहिरी. मी तोंड उघडलं की ती पदर सारून दंडावरचे जुने व्रण पुढे करी. फोटोसुद्धा तिने तसाच काढून घेतला, दंड पुढे करून, माझ्याकडे रोखून बघत. नववी काच.

पण जामसरची फेरी फुकट गेली नाही. तिच्या सुनेने माझं ऐकून सहज विचारलं, "कारकुनाच्या घरी जव्हारला व्हती ती का? ती तं दाभोशाची. लगीन हाय तिच्या घरी उद्या."

दाभोसा! तिथे नदीचा धबधबा आहे. पाण्याचा आवाज. इतकी साधी गोष्ट मला नाशकात नकाशा उघडून कळली असती.

दाभोसा

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच निघालो. उन्हाळ्यात धबधब्याला पाणी बेताचंच, पण कड्यावरून पडताना त्याचा आवाज लांबवर येत होता. तो ऐकून माझे पाय पळायला लागले. वाटेत कड्याचा एक फोटो घेतला. दहावी काच. दोन उरल्या, आणि दोन्ही शुक्रीआईच्या, अशी मी स्वतःशी शपथ घेतली.

पाड्यावर हिरव्या डहाळ्यांचा मांडव पडला होता. दारातल्या माणसाला विचारलं, "शुक्री कुठे आहे?"

"शुक्री? ती नवरी हाय. घरात बसलीया."

नवरी! म्हणजे ही कुणी सोळा-सतरा वर्षांची पोर. पुन्हा चुकीची शुक्री. मी मांडवाच्या खांबाला टेकून बसलो. कुणीतरी हातात आंबील दिली. समोर एक पिकल्या मिशांचा म्हातारा अंगभर हळद लावून पाटावर बसला होता, शेजारी तशीच हळद लावलेला एक तरणा मुलगा. मी मनात म्हटलं, नवऱ्याचा बाप फारच हौशी दिसतो.

एवढ्यात कॅमेऱ्याचा बोभाटा झाला आणि चार बायकांनी एका हळदीने माखलेल्या पोरीला माझ्यापुढे आणून उभं केलं. "नवरीचा काड फोटू!" आता लग्नघरी नाही म्हणायचं कसं? त्यातून मला ती चुकीची का होईना, शुक्रीच वाटत होती. काढला. अकरावी काच. काढून झाल्यावर तिला विचारलं, "तूच ना शुक्री?"

ती तोंडावर पदर घेऊन हसली. "मी सोमी. शुक्री माजी सासू. ती आत हाय. तिचाबी लगीन हाय ना."

मी पाटावरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग मुलाकडे. मग परत म्हाताऱ्याकडे.

"मग हे?"

"नवराच हाय मी!" म्हातारा ओरडला आणि सगळा मांडव हसला. त्याचं नाव लखमा. त्यानेच मला सांगितलं. इथे जोडपी आधी घर मांडतात. लग्न लावायला गावाला जेवण घालावं लागतं, तेवढं भात जमेल तेव्हा लावतात. कधी जमत नाही, कधी घरात माणूस मरतं, वर्षांवर वर्षं जातात. पण मुलाचं लग्न निघालं की मात्र सुटका नाही. "बापाचा लगीन राह्यला आनि पोराला हळद लागली, आसा चालतोय का? आधी आमचा, मंग त्याचा. एकाच मांडवात."

मला हसू यायला लागलं होतं. मग आठवलं, आमच्या आळीत पन्नाशीच्या बिजवराने अकरा वर्षांची मुलगी केली तेव्हा आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने पंगतीत बसून जिलबी खाल्ली होती. हसू आपोआप थांबलं.

आत गेलो. अंधारात पहिल्यांदा भिंत दिसली. कुडाच्या तांबड्या भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्या पिठाने बायकांनी मोठा चौक काढला होता, आत देवी, बाहेर झाडं, माणसं, नाचणारे. बांबूच्या काडीने काढलेली एकेक रेघ मला दहा वर्षांत जमली नसती. आणि त्या भिंतीखाली, हळद लावून, नवं लुगडं नेसून, पांढऱ्या केसांत फुलं माळून एक बाई बसली होती. मी काही बोलायच्या आधी तिने मला खालपासून वरपर्यंत निरखलं.

"कारकुनाचा बाबू काय रं तू?" ती म्हणाली. "आजून कान धरून निजतोस का?"

मी पीत असताना तिच्या कानाची पाळी धरून ठेवायचो, ती सोडवली की रडायचो. हे तिच्यावाचून कुणाला माहीत असणार? मी तिच्यापुढे बसलो. तीच बोलत होती. वाळलास किती, बायको जेवाया घालते का नाय, बास (म्हणजे बाप) कसा हाय. वडील गेल्याचं सांगितलं तेव्हा तिने केसांतलं एक फूल काढून खाली ठेवलं.

बाहेरून लखमा ओरडला, "आला का त्यो? त्याला सांग, त्याच्यापायी माजा लगीन राह्यला!"

मी दचकलो. शुक्रीआईने नको नको म्हणून हात हलवला, पण तो ऐकतो कशाला! "त्या वर्सी भात रग्गड पिकला व्हता. मांडव टाकाचा ठरला. ही जव्हारात. तुला ताप. ही म्हनली, पोर मला सोडत नाय, फुडल्या वर्सी करू. फुडल्या वर्सी पाऊस कंचा आला?" तो हे सगळं हसत सांगत होता. रागाचा मागमूस नव्हता. मी मात्र हसू शकलो नाही. या बाईचं लग्न माझ्यामुळे राहिलं होतं, आणि त्या सगळ्या वर्षांत मला ते ठाऊकही नव्हतं. आता तिच्या लग्नात मी फुकटची आंबील पीत होतो. तिची माफी मागावी तर कोणत्या शब्दांत?

लग्न लावायला भटजी नव्हता. धवलेरी होती, म्हणजे लग्न लावणारी आणि त्याची गाणी गाणारी बाई. बाईने लग्न लावलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. तिच्या आवाजापुढे कुणाची हलायची टाप नव्हती. आधी म्हातारा-म्हातारीचं लागलं, मग पोरांचं. शुक्रीआई खाली मान घालून उभी होती आणि लखमाचे डोळे घळाघळा वाहत होते. आम्ही मंगलाष्टकं संपायची वाट बघत पागोटी सावरतो. इथे पोरांपेक्षा म्हाताऱ्यांच्याच लग्नाला जास्त माणसं रडली. मीही.

जेवणं झाल्यावर उन्हं कलायच्या आत मी शेवटची काच चौकटीत घातली आणि शुक्रीआईला म्हटलं, "चल, आता तुझा फोटो काढायचा. एवढ्यासाठीच आलोय."

"माजा? नको."

"नको कसं? शेवटची काच आहे. तुझ्याचसाठी ठेवली आहे."

"माजा घेऊन काय करशील? मला नांगली ना तू आता? झाला तं." नांगणं म्हणजे पाहणं. मग ती पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "तुजा काड. मला ठेवाया दे."

मी वाद घातला, समजावलं, पुढच्या वर्षी आणखी काचा आणीन म्हटलं. ती जागची हलली नाही.

"तुजा बास तुला गाडीत घालून नेला, तवा माज्यापाशी काय राह्यला?" ती म्हणाली. "तू मोठा कसा झाला, मला ठावा नाय. उद्या तू जाशील. काय नांगू मी?"

मी एवढा डोंगर तुडवून तिचा चेहरा न्यायला आलो होतो, आणि तिला माझा हवा होता. काच एक.

आता प्रश्न असा, की मी समोर बसलो तर भिंगावरचं झाकण काढणार कोण? लखमा आणि इतर पुरुष ताडी पिऊन डुलत होते. "मी काडते," शुक्रीआई म्हणाली. मी कॅमेरा मांडला, अंतर लावलं, तिला दाखवलं. झाकण काढायचं, पाच म्हणेपर्यंत थांबायचं, परत लावायचं. आणि तोवर समोरच्याने दगडासारखं बसायचं. तिने दोनदा करून दाखवलं. चोख.

मी मांडवाच्या सावलीत पाटावर बसलो. शुक्रीआईने झाकण काढलं. एक म्हणाली, दोन म्हणाली. मग थांबली. माझ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. आणि झाकण हातात तसंच धरून, कॅमेऱ्याला वळसा घालून, तरातरा माझ्यापुढे आली.

माझे केस कपाळावर आले होते.

ओरडावं तर तोंड हलणार, आणि फोटोत हलायचं नाही हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं, की काच वाया चाललेली डोळ्यांनी बघत असूनही मी दगडासारखा बसून राहिलो. तिने हाताने केस मागे सारले. ते परत आले. मग तिने डोक्यावर हात दाबून धरला, जरा वेळ, लहान मुलाचं तेल जिरवतात तसा. हळदीचा वास आला. आणि मग सावकाश परत जाऊन, तीन, चार, पाच म्हणून, तिने झाकण लावलं.

"झाला का बराबर?"

"झाला," मी म्हटलं.

निघताना तिने मला पोहोचवायला पाड्याच्या वेशीपर्यंत येऊ दिलं नाही कुणाला, स्वतःच आली. नवी नवरी अशी जात नाही म्हणून बायकांनी आरडाओरडा केला. तिने ऐकलं नाही.

घरी

नाशकात काचा धुतल्या. एक कोरी. गावाचे फोटो बरे. तिन्ही चुकीच्या शुक्री अप्रतिम आल्या आहेत, एकीच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हललेली नाही. ती दहावी, कड्याची, कशी कोण जाणे पिवळी पडली. बारावीत मी आहे, जास्त उजेड लागल्यामुळे पांढराफटक. आणि माझ्यापुढे, अर्धवट आरपार दिसणारी, धुरकट, पाठमोरी एक बाई. तिचं तोंड नाही. लुगडं नीट नाही. फक्त माझ्या डोक्यावर ठेवलेला हात तेवढा स्पष्ट आहे, कारण तेवढाच स्थिर होता.

मी त्याचा ठसा काढला आणि शुक्रीआईला द्यायला तसाच नारायणशेठकडे पाठवून दिला. कबूल केलं होतं, पाठवणं भाग होतं.

वैशाखअखेर शेठचं पत्र आलं. बाजारच्या दिवशी म्हातारी दुकानावर आली. फोटो हातात घेऊन पुष्कळ वेळ बघत उभी राहिली. मग तिने त्या धुरकट बाईवर बोट ठेवलं. शेठ तिला म्हणाले, अगं, ही तूच असशील. तर ती त्यांनाच हसली. फोटू मीच काडला, तवा मी त्यात कशी आसन? ही बाबूची आय. लेक बसला नांगून आली ती. शेठनी तिचे पुढचे शब्दही जसेच्या तसे लिहिले आहेत. "तिचा पोर येवढी वर्सां वागवला, पन तिला कदी नांगली नव्हती. आज नांगली. चांगली हाय बाय. पोराचा डोका तिनं बराबर धरला हाय."

तिने तो फोटो घरात चौकाच्या भिंतीवर, देवीशेजारी लावला आहे, आणि घरात शिजेल त्यातला पहिला घास त्या बाईपुढे ठेवते, असंही शेठनी कळवलं. शेवटी विचारलं आहे, मास्तर, ही बाई खरोखर कोण ते लिहावं, म्हणजे पुढच्या बाजारी म्हातारीला नीट समजावून सांगता येईल.

आठ दिवस मी ते पत्र खिशात घेऊन हिंडलो. काल उत्तर टाकलं. शुक्रीआई म्हणते तेच बरोबर आहे, असं लिहिलं.